जमनीचा तांब्या

लिंबाजी हाटकराच्या वाघुरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या वाड्यात, तीन दिवसांपासून एकच काम चाललं होतं. एक मेंढी कोकरू मागं ठेवून मेली होती, आणि दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू जन्मल्याजन्मल्या गेलं होतं. आता हे बिनआईचं कोकरू त्या मेंढीला लावून द्यायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मेंढी काही खुळी नसते. ती हुंगते, वास परका लागला की डोकं खाली घालून अशी धडक देते की कोकरू दोन हात लांब जाऊन पडतं. मग मेंढपाळानं काय करायचं, तर त्याच मेंढीचं दूध काढून कोकराच्या पाठीला नि शेपटीला चोळायचं, मेंढीची मान मांडीखाली धरायची, कोकराचं तोंड सडाला लावायचं, आणि बसायचं. ती शांत होईपर्यंत बसायचं. दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

"घे गं माय, घे. तुहंच हाय ते," लिंबाजी मेंढीच्या कानाशी हळू आवाजात बोलत होता. "रागावू नको. त्याले तरी आता कोण हाय?"

जाळीच्या त्या कुंपणापासून दहा पावलांवर, बाभळीखाली, लिंबाजीची स्वतःची पोर बसली होती. जमना तिचं नाव, वय आठ वर्षं. गुडघ्यात मान घातलेली, ओठ सुकून फुटलेले, डोक्यात महिन्याभरात फणी नाही. तिची आई भागाबाई जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि त्या सव्वा महिन्यात तिच्याजवळ असं कोणीही येऊन बसलं नव्हतं.

लिंबाजी दुष्ट बाप होता असं मात्र वाचकांनी समजू नये. तो पोरीवर जीव टाकायचा. नरसीच्या बाजाराला गेला तर कमरेच्या कडोसरीला बांधून रेवड्या आणायचा. पण मेंढराला दुःख होतं हे त्याला वाडवडिलांनी शिकवलं होतं. लेकराला होतं हे कोणी शिकवलं नव्हतं. "लेकराला काय कळतं" हे वाक्य आमच्याकडं इतक्या वेळा बोललं जातं की ते खरं आहे का हे तपासायला कोणाला फुरसत झाली नाही.

नरसीपासून दोन कोसांवर, कयाधूच्या काठाला ही वाडी. पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी मेंढरंवाल्यांची. पाच वर्षांमागं चैत्रात तिथं पटकीची साथ आली. भागाबाईनं सकाळी शेण काढलं, भाकरी थापल्या, आणि दुपारी तिला पहिली उलटी झाली. संध्याकाळपर्यंत डोळे आत गेले, हातापायाला पेटके यायला लागले, आणि आवाज बसला. त्या बसलेल्या आवाजात ती एकच मागत होती, पाणी.

पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही, ही आमच्या मुलखातली जुनी समजूत. पाणी दिलं की पोटात ठरत नाही, उलटी होते आणि उलटीबरोबर जीव जातो, असं घरोघरच्या म्हाताऱ्या सांगत आल्या. लिंबाजीची आई सुभद्राबाई ही वाडीतली जाणती म्हातारी. तिनं रांजण झाकला, घागरी अंगणात नेऊन ठेवल्या आणि सगळ्यांना बजावलं, "कोणी थेंबभर पाणी द्यायचं न्हाई. पाणी देलं की मरते." जमना दारात उभी होती. तिनंही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत भागाबाई गेली. सुभद्राबाई रडली, लिंबाजीनं कपाळ बडवून घेतलं. जमनेला मात्र शेजारच्या घरात नेऊन बसवलं आणि सांगितलं, "तुही माय देवाच्या गावाले गेली. आता तिचं नाव काढू नको. नाव काढलं की ती मागं फिरते, तिले वाट गवसत न्हाई." भागाबाईचं लुगडं कोणाला तरी देऊन टाकलं, तिची बांगडी उचलून ठेवली. घरात तिचं नाव बंद झालं. पोरीनंही मग तोंड उघडलं नाही. घरच्यांना वाटलं, बरं झालं, विसरली.

विसरली कुठली! आठच दिवसांनी घागर घेऊन नदीला पाठवली, तर तिनं घागर वाटेतच दगडावर आपटून फोडली. सुभद्राबाईनं पाठीत दोन धपाटे घातले. मग एक दिवस लिंबाजी वाघुरीतून घामाघूम होऊन आला, तांब्या तोंडाला लावणार, तोच पोरीनं झेप घेऊन तो हातातून उडवला. त्या दिवशी बापानंही मारलं. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की पोर स्वतःही पाणी पीत नाही. दुधाचे दोन घोट, ताकातला भाकरीचा काला, एवढ्यावर ती जगत होती. साधं पाणी पुढं केलं की दातखीळ बसायची. वैशाखाचं ऊन, आणि ते लेकरू दिवसेंदिवस वाळत चाललेलं.

वाडीनं निदान करून टाकलं. पाण्याला भिते, पाणी पाहून पिसाळते, म्हणजे कयाधूच्या डोहातल्या आसरांनी झडपलं! आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. मग काय, पलीकडच्या गावच्या गोपीचंद देवऋषीला बोलावणं गेलं.

गोपीचंद आला, तांदूळ टाकले, मान डोलावली. "सातातली धाकटी हाय. आईसंगं पोरीलेबी न्यायचं म्हणते. अमावास्येले दुपारी डोहावर आणा. एक काळं बकरं, नारळ, आन विळा. विळा लाल करून तीन डाग देतो, कपाळाले, टाळूले, पोटाले. मंग डोहात बुडी. आन तवर हिले पाणी दावू नका. पाण्याच्या वासानं ती जोर धरते."

"लई तकलीफ व्हईन का पोरीले?" लिंबाजीनं विचारलं.

"तकलीफ पोरीले न्हाई, आसरेले व्हते," गोपीचंद म्हणाला, आणि लिंबाजीनं मान खाली घातली. धन्य तो देवऋषी आणि धन्य आपण त्याला बोलावणारे! सव्वा महिना पाण्यावाचून सुकलेल्या पोरीला लाल विळा, आणि तोही आपल्याच घरचा.

अमावास्येला चार दिवस होते तेव्हा नीलाबाई वाडीत आली. नरसीची ही विधवा बाई पन्नाशीची, काळीसावळी, तोंडानं फटकळ. हिंगोलीच्या दवाखान्यात बारा वर्षं दाई म्हणून राबलेली आणि आता गावोगाव बाळंतपणं करणारी. वाडीतल्या एका बाळंतिणीला बघायला ती आली होती. जमनेची नाळ तिनंच कापली होती, त्यामुळे जाता जाता पोरीला बघावं म्हणून वळली, आणि बाभळीखालचं ते लेकरू पाहून ओरडलीच.

"ही जमनी? लिंबाजी, काय करून ठेवलं रे लेकराचं?"

लिंबाजी वाघुरीत होता. मेंढी आता कोकराला पाजत होती, अंग आक्रसून का होईना, पण पाजत होती. त्यानं तिथूनच आसरा, देवऋषी, अमावास्या सगळं सांगितलं. नीलाबाईनं ऐकून घेतलं. मग कोकराकडं बोट केलं.

"याच्यासाठी किती दिवस बसलास?"

"तीन झाले."

"आन पोरीसाठी?"

लिंबाजीनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुटपुटला, "लेकरासंगं बसून काय करतेत, बाई? ते काय कोकरू हाय?"

"न्हाई ना. कोकरू बोलत न्हाई, हे बोलते. पन तू कवा इचारलं का? चार दिवस हायत ना अमावास्येले? ते मले दे. मले बकरं नको, नारळ नको. दोन भाकरी दे आन तुह्या घरची न पिंजलेली लोकर दे एक टोपलं."

"लोकर काहून?"

"हाताले काम पाहिजे. तुहं काय जाते?"

लिंबाजीनं लोकर दिली. कातरून ठेवलेल्या लोकरीत गोखरू आणि कुसळं अडकलेली असतात, ती एकेक करून वेचावी लागतात. नीलाबाई टोपलं घेऊन बाभळीखाली जमनेच्या शेजारी बसली आणि कुसळं काढू लागली. पोरीला काही विचारलं नाही. दवाखान्यात बारा वर्षं तिनं पाहिलं होतं की आजाऱ्याच्या तोंडासमोर बसून प्रश्न विचारले की तो भिंतीकडं तोंड फिरवतो, आणि नुसतं शेजारी बसून काही करत राहिलं की कधीतरी आपणहून बोलतो.

पहिला दिवस तसाच गेला. सुभद्राबाई दारातून ओरडली, "रिकामटेकडी कुठली! आमच्या पोरीले अजून काय करून ठेवशीन?" नीलाबाईनं तिकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी जमनेनं हात पुढं केला आणि एक गोखरू काढला. मग दुसरा काढला. त्या दिवशी दोघींनी मिळून अर्धं टोपलं साफ केलं. उन्हात दोघींच्या बोटांना काटे टोचत होते. नीलाबाई अधूनमधून आपल्याशीच बोलल्यासारखी बोलायची. "भागी लई हासायची. तुही आई. तू झालीस तवा पहिलं काय म्हणली, ठावं हाय? म्हणली, बाई, हिची बोटं पाहा, कशी लांब हायत." जमनेनं चमकून वर पाहिलं. सव्वा महिन्यात तिच्या आईचं नाव पहिल्यांदाच कोणीतरी घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं की मेंढरंसुद्धा एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. नीलाबाईनं सोबत आणलेली कळशी वाकडी करून तांब्या भरला. नेहमी ती पोरीची पाठ असताना प्यायची. त्या दिवशी तहानेनं विसरली. तांब्या ओठाला लागणार तोच पोरीनं तिचं मनगट धरलं.

"पिऊ नको मावशे. मरशीन."

आवाज खरवडल्यासारखा होता. नीलाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिनं लोकर परत हातात घेतली आणि साध्या आवाजात विचारलं, "कोण म्हणलं, पाण्यानं मरते म्हणून?"

"आजी म्हणली. पाणी देलं की मरते."

"मंग?"

"मंग म्या मायले पाजलं."

नीलाबाईनं टोपलं बाजूला सारलं.

"आजी चुलीकडं गेली व्हती. बाबा औषधाले गेला व्हता. माय म्हणली, जमने, एक घोट दे वं. म्या न्हाई म्हणलं. ती लई येळ म्हणत राहिली. मंग म्या अंगणातल्या घागरीतून तांब्या भरून आणला. तिनं दोन्ही हातानं धरला. समदा पेली. मंग माह्याकडं पाहून हासली." पोर थांबली. तिनं हातातला लोकरीचा पुंजका मुठीत दाबला. "मंग उलटी झाली. मंग मेली. म्या मारली, मावशे. बाबाले सांगू नको. तो मले हाकलून देईन."

वाचकहो, हे ओझं आठ वर्षांची पोर सव्वा महिना एकटी वाहत होती. आईला आपण मारलं असं तिला वाटत होतं, आणि आईचं नाव काढायची घरात बंदी! घागर फोडली ती दुसरं कोणी मरू नये म्हणून. बापाचा तांब्या उडवला तो बाप वाचावा म्हणून. आणि त्याच मायेसाठी तिला मार बसला. सांगा, आसरांनी कोणाला झडपलं होतं, तिला की आपल्याला?

नीलाबाईनं पोरीला जवळ ओढलं. "जमने, ऐक. म्या दवाखान्यात पटकीचे लई रोगी पाहिले. तिथं डॉक्टर काय करते सांगू? पाणीच देते. मिठाचं पाणी सुईनं अंगात सोडते. पटकीत अंगातलं समदं पाणी निघून जाते, म्हणून माणूस मरते. तू पाजलं तेच बराबर व्हतं. रोगानं मेली तुही माय. तुह्या पाण्यानं न्हाई."

पोरीनं ऐकलं, पण तिचे डोळे बदलले नाहीत. नीलाबाईनं तिच्यासमोर तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला. "पाहा, मेले का?"

"तुले पटकी न्हाई," पोर म्हणाली. "आजीले समदं ठावं हाय. आजी म्हणली, पाणी देलं की मरते."

आठ वर्षांच्या पोरीचा हिशेब चुकीचा म्हणायची सोय नव्हती. तिच्या जगात आजीचा शब्द खरा होता. दाईनं कितीही सांगितलं तरी ती परकी; शब्द जिनं दिला तिनंच तो मागं घ्यायला हवा होता.

"आन आजीनंच म्हणलं तर पिशीन?"

पोरीनं होकारार्थी मान डोलावली. नीलाबाईनं तिला विचारूनच आजीला सांगायचं ठरवलं. बापाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला.

सुभद्राबाई सुपात ज्वारी पाखडत होती. नीलाबाईनं दार लोटून घेतलं आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. सूप थांबलं. म्हातारीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"म्हंजे पोरीनंच पाणी पाजलं तर! तरी म्हणलं, रातभर टिकलेली बाई सकाळीच कशी गेली!"

"सुभद्राबाई, तोंड आवरा! पोरीनं पाजलं तेवढंच भागीच्या जिवाले सुख भेटलं. आदल्या दुपारपासून पाणी पाजलं असतं, तर वाचलीच असती असं म्या म्हणत न्हाई, पन वाचायची आशा व्हती. तहानेनं तर मेली नसती. ते पाणी तुमी तोडलं."

"म्या? म्या मारलं सुनेले?"

"तुमाले ठावं नव्हतं. कोणालेच ठावं नव्हतं. पन आता ठावं झालं. पोरीले एवढंच म्हणा, की माहं चुकलं, तुहं बराबर व्हतं. ती पाणी पिईन."

"न्हाई म्हणत जाय!" सुभद्राबाई ओरडली आणि तिच्या हातातलं सूप पडलं. ज्वारी घरभर झाली. ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचू लागली, आणि वेचता वेचताच बोलायला लागली. आवाज एकदम बारीक झाला होता. "माहा थोरला पोरगा व्हता. संपत. लिंबाजीच्या आधीचा. तुले ठावं न्हाई. सहा वर्षांचा व्हता तवा पटकी झाली. दिसभर पाणी पाणी करत गेला. माह्या सासूनं सांगितलं, म्या त्याले थेंब देला न्हाई. त्याचे हात धरून बसले व्हते म्या, उठून रांजणाकडं जाऊ नये म्हणून. तू म्हणतीस ते खरं असलं, तर माहा संपत..."

म्हातारी परत दाणे वेचू लागली. नीलाबाई खाली बसली. तीही तिच्याबरोबर ज्वारी वेचू लागली.

"जाय तू," सुभद्राबाई शेवटी म्हणाली. "आसराच हायत. आसराच असू दे."

म्हातारीला कठोर म्हणणं सोपं आहे. पण चाळीस वर्षं ज्या गोष्टीला आपण माया समजलो, ती उलटी निघाली हे कबूल करायला काळीज कुठून आणायचं? तिला आसरा हव्या होत्या. आसरा असल्या तर दोष डोहाचा. आणि त्यासाठी जिवंत नातीला डाग द्यावे लागले तरी तिचं मन तिकडंच ओढत होतं. समजुतीला चिकटून राहण्याची किंमत नेहमी घरातलं सगळ्यात लहान माणूस देतं, हे मी पाहिलेलं आहे.

अमावास्येला दुपारी डोहावर अख्खी वाडी जमली. गोवऱ्यांच्या विस्तवात विळा खुपसलेला होता. काळं बकरं झाडाला बांधलेलं. लिंबाजीनं पोरीला खांद्यावर आणलं, कारण तिला आता चालवत नव्हतं. आदल्या दिवसापासून तिनं दूधही सोडलं होतं. नीलाबाईनं वाटेत त्याला अडवून पाहिलं, पाया पडली. तो म्हणाला, "चार दिवस देले ना बाई? काय झालं? पोरगी पाणी पेली का?" नीलाबाईनं पोरीला शब्द दिला होता. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "तुह्या मायले इचार." सुभद्राबाईनं मान वळवली.

नीलाबाई तरी मागोमाग गेली. बरोबर तिनं उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी घेतली होती.

गोपीचंदनं पोरीला वाळूत बसवलं, केस सोडले, कडुलिंबाच्या डहाळीनं झोडपायला सुरुवात केली. पोर रडलीही नाही. तिच्यात रडायला पाणी उरलं नव्हतं. ती समोरच्या डोहाकडं टक लावून पाहत होती, आणि तिची जीभ सुकल्या ओठांवरून फिरत होती. तहान होती! सव्वा महिना तिला तहान लागत होती, आणि आईच्या नावानं ती ते सोसत होती. सुभद्राबाईनं ती जीभ पाहिली. तिचे हात आपोआप पुढं आले, आणि मग तिनं आपल्याच हातांकडं पाहिलं. याच हातांनी तिनं एका लेकराला रांजणापासून अडवून धरलं होतं.

गोपीचंदनं फडक्यानं धरून विळा बाहेर काढला. पातं लाल झालं होतं. "बोल!" तो पोरीच्या कानाशी गरजला. "कोण हायस तू? भागाले कोणं नेलं? बोल, न्हाईतर डाग देतो! कोणं मारलं भागाले?"

जमनेनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले. ती आता सांगणार होती.

"म्या मारलं!"

सगळे वळले. सुभद्राबाई गर्दीतून पुढं आली होती. डोक्यावरचा पदर पडला होता आणि ती उघड्या केसांनी वाळूत चालत होती. "तिले इचारू नको, मले इचार. म्या मारलं. भागा पाणी पाणी करत व्हती, म्या पाणी तोडलं. संपतलेबी म्याच तसंच मारलं. लिंबाजी, तुहा भाऊ पाण्यावाचून गेला, माह्या हातानं! दे डाग, कपाळाले दे!"

गोपीचंदचा विळा हातातच राहिला. लिंबाजी आईकडं खुळ्यासारखा पाहत उभा होता. सुभद्राबाई पोरीसमोर गुडघ्यावर बसली.

"जमने, माहं खोटं व्हतं. पाणी देलं की मरते हे माहं खोटं व्हतं. म्या अडाणी, मले ठावं नव्हतं. तू मायले पाजलंस ना? समदा तांब्या पाजलास ना? बराबर केलंस माय. समद्या घरात तू एकलीच बराबर व्हतीस."

"मंग माय कायनं मेली?" पोरीनं विचारलं.

"रोगानं मेली. तहानेनं मेली असती, पन तू ती तहान भागवलीस."

सुभद्राबाईनं ओंजळ करून डोहाकडं हात नेला. तेव्हा नीलाबाई धावत आली, "नदीचं नको, हे उकळलेलं हाय!" तिनं तांब्या भरून म्हातारीच्या हातात दिला. सुभद्राबाईनं आधी स्वतः एक घोट घेतला, पोरीला दाखवून, आणि मग तांब्या तिच्या तोंडाला लावला. पोरीनं दोन्ही हातांनी तांब्या धरला. पहिला घोट घशात अडकला, खोकला आला, अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. नीलाबाई म्हणाली, "हळू, हळू पी." पोर प्यायली. तांब्या खाली ठेवला, आजीच्या मांडीवर डोकं टाकलं आणि सव्वा महिन्यानं पहिल्यांदा आईसाठी हंबरडा फोडला. तो आवाज ऐकून वाडीतल्या बाया तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. लिंबाजीही तिथंच वाळूत बसला, पोरीच्या शेजारी. नुसता बसला.

"गेली आसरा!" गोपीचंद ओरडला. "पाहा, विळा पाहूनच पळाली! आणा ते बकरं इकडं."

"बकरं माह्या घरी जाईन," लिंबाजी वर न पाहता म्हणाला. "विळाबी माहा हाय. ठेव खाली."

गोष्ट इथं संपवली असती तर वाचकांना बरं वाटलं असतं. पण नीलाबाईनं त्यानंतर काय केलं ते सांगायला हवं. ती नरसीला परतली आणि गावातले बडे जमीनदार माणिकराव यांच्या ओसरीवर गेली. म्हणाली, "साथीत ज्यांचे आईबाप गेले अशी लेकरं गावोगाव हायत. त्यांच्यापाशी बसायले, त्यांचं ऐकायले मले एक जागा द्या. दुसरं कायी मागत न्हाई." माणिकराव हसले. "लेकरांशी बोलायला जागा कशाला? चार दिवसांत विसरतात. देऊळ बांधायचं असतं तर गोष्ट वेगळी." हेच माणिकराव आपल्या घोडीला खोड लागली तेव्हा तिच्यासाठी माणूस ठेवणारे.

जागा मिळाली नाही. म्हणून नीलाबाई दर आठवडी बाजाराच्या दिवशी गावातल्या एका चिंचेखाली लोकरीचं टोपलं घेऊन बसू लागली. कोणाकडून काही घेत नाही. दुसऱ्या बाजारी तिच्या शेजारी सुभद्राबाई येऊन बसली, आणि आजही बसते. बाया आपली मुकी झालेली, अंथरूण भिजवणारी, झोपेत ओरडणारी लेकरं आणतात आणि विचारतात, "हिले कोणता देव लागला?" सुभद्राबाई म्हणते, "देव न्हाई लागला. हिले कोणी तरी कायी तरी सांगितलं हाय, न्हाईतर सांगायचं ते सांगितलं न्हाई. बसू दे इथं." सगळीच बरी होतात असं नाही. कयाधूपलीकडची एक पोर त्यांच्याकडं यायच्या आधीच डागांनी सडून मेली. त्या दिवशी सुभद्राबाई जेवली नाही.

साथीत किती माणसं गेली याची सरकारात नोंद असेल. मागं राहिलेली लेकरं कोणी मोजली? त्यातली किती जण आजही मनात म्हणत असतील, की मी रागावलो म्हणून बाबा गेले, मी झोपले म्हणून आई गेली? त्यांना गप्प बसायला आपणच शिकवलं. रेवडी हातावर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला, आणि आपल्या कामाला निघून गेलो.

मीही गेलो. माझ्या आळीत एक सात वर्षांची पोरगी आहे, तिचा बाप गेल्या श्रावणात गेला. मी भेटायला गेलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडं पाहत होती, आणि तिला काहीतरी विचारायचं होतं हे मला स्पष्ट दिसलं होतं. मी म्हणालो, "शहाणी आहेस हं," आणि खडीसाखरेचा खडा देऊन घरी आलो. तिला काय विचारायचं होतं ते मला अजून माहीत नाही. हा कागद इथंच ठेवून मी तिच्याकडं जातो आहे.